हलव्याचा काटा आणि आमची आठशे

डिसेंबरचा शेवटचा आठवडा लागला की सांगलीत पहाटे नदीकडून गार वारा सुटतो. गावभागातल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत तो खिडकीतून थेट आत येतो. दिवाळी सरली की मी त्याच वाऱ्याची वाट बघायला लागते, कारण तो आल्याशिवाय संक्रांतीच्या हलव्याला, साखरेच्या त्या पांढऱ्या दाण्यांना, काटा येत नाही.

यंदा हलवा नेहमीपेक्षा जास्त करायचा होता. धाकट्या बहिणीच्या मुलीचं लग्न नोव्हेंबरमध्ये झालं. तिची ही पहिली संक्रांत, म्हणजे हलव्याचे दागिने आलेच. "मावशी, दागिने तूच करायचेस हं," असं ती साखरपुड्यालाच सांगून बसली होती. बाजारात तयार संच मिळतात, चांगले मिळतात, आणि घरात करणारं कुणी नसेल तर खुशाल आणावेत. पण मला येतं, आणि येत असताना विकत आणायचं माझ्या जिवावर येतं.

हलवा मला आत्याने शिकवला. मी तेव्हा बारा वर्षांची असेन. ती शेगडीत निखारे घालून त्यावर राख पसरायची, म्हणजे आच मवाळ राहते. मी गॅसची सगळ्यात लहान ज्योत ठेवते आणि मध्ये लोखंडी तवा घालते. तव्यावर पितळेची कल्हईची परात. परातीत चार चमचे खसखस. दुसऱ्या दिवशी साबुदाण्याचा घाणा, तिसऱ्या दिवशी तिळाचा. पाक साखर आणि पाण्याचा, मळ काढायला त्यात चमचाभर दूध, मग फडक्यातून गाळून घ्यायचा. एकतारीच्या जरा अलीकडे थांबवायचा. दोन बोटांत धरला तर तार धरू की नको अशा विचारात असल्यासारखा वाटला पाहिजे.

मग एक चमचा पाक परातीत सोडायचा आणि बोटांनी दाणे फिरवत राहायचं. दाणे आधी ओले होतात, एकमेकांना चिकटतात, मग सुटतात, मग कोरडे होऊन सळसळ आवाज करायला लागतात. तो आवाज ऐकू आला की पुढचा चमचा. पहिल्या दिवशी तासाभरात काहीच दिसत नाही. खसखस जरा पांढुरकी झाली, एवढंच. दुसऱ्या तासाला दाण्यावर साखरेचं पातळ कवच चढतं. काटा दिसायला लागतो तो दुसऱ्या दिवशी, आणि तोही आधी डोळ्याला दिसत नाही, बोटाला कळतो. परातीत हात फिरवताना तळव्याला काहीतरी बारीक टोचतं. त्या क्षणी मला दरवर्षी आत्याची आठवण होते. ती माझं बोट धरून परातीतून फिरवायची आणि म्हणायची, "लागला का? लागला का?"

काटा म्हणजे साखरेचे स्फटिक. पाकाचा पातळ थर दाण्यावर भराभर सुकला तर जिथे आधी उंचवटा आहे तिथेच नवी साखर जमते आणि टोक वाढत जातं. हवा गार आणि कोरडी असली की थर लवकर सुकतो. दमट हवेत तो ओला राहून पसरतो, मग दाणा गोल गुळगुळीत होतो, लिमलेटच्या गोळीसारखा. चमचाभराऐवजी दीड चमचा पाक पडला तरी आदल्या तासाचे काटे विरघळून जातात. आच वाढली तर दाणा पिवळा पडतो. त्या दाण्याला लपायला जागा नसते. जिलबी थोडी वाकडी झाली तरी चालते, लाडूला चीर गेली तरी लाडू लाडूच राहतो. हलव्याच्या दाण्यावर मात्र तुम्ही कधी घाई केलीत ते लिहिलेलं असतं.

लहान वस्तूंची मला एवढी ओढ का, याचं उत्तर मला इथे, या परातीपाशी मिळतं. लहान वस्तू पूर्ण कळते. तिचा प्रत्येक भाग हाताखालून गेलेला असतो.

परातीपाशी बसलं की खिडकीतून अंगण दिसतं, आणि अंगणात बाबांची पांढरी मारुती आठशे. १९९७ सालची. आमच्याकडे तिला कुणी मारुती म्हणत नाही. 'आठशे'च म्हणतात.

बाबा सूतगिरणीत फोरमन होते. निवृत्त झाल्यावर फंडाच्या पैशातून त्यांनी गाडी घ्यायची ठरवली, तेव्हा आधी टेप घेऊन आमच्या बोळाचं आणि फाटकाचं माप घेतलं. त्यांची ती वही अजून माझ्याकडे आहे. त्यात निळ्या शाईने लिहिलंय: फाटक साडेपाच फूट. खाली गाडीची मापं, लांबी ३३३५ मिमी, रुंदी १४४० मिमी, आणि त्यापुढे "बसते" असा एकच शब्द, खाली दोनदा रेघ मारलेला. मापात एवढा आनंद सापडलेला दुसरा माणूस मी पाहिला नाही.

या गाडीचा मान आपल्याकडे थोडा विसरल्यासारखा झालाय, म्हणून सांगते. १४ डिसेंबर १९८३ रोजी दिल्लीच्या हरपालसिंग यांना इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या आठशेची किल्ली मिळाली. गाडीचा नंबर डीआयए ६४७९. तिथून जानेवारी २०१४ पर्यंत ही गाडी बनत राहिली. इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं. चाकं बारा इंचांची. पेट्रोलची टाकी २८ लिटरची. हे आकडे मी पाठ केलेले नाहीत, हाताळून माहीत झालेत. तीन सिलिंडर म्हणजे तीन प्लग, आणि ते तिन्ही मी स्वतः काढून, घासून, फटीचं माप घेऊन परत बसवते. बॉनेट उघडलं की खाली बरीचशी जमीन दिसते. हात घालायला जागा आहे. कुठली नळी कुठून कुठे जाते ते बोटाने दाखवता येतं.

आमची कार्बोरेटरवाली आहे. थंडीत चोक ओढून सुरू करावी लागते. पहिल्या सेल्फला ती खाकरते, दुसऱ्याला धरते. मग चोक एकदम आत ढकलायचा नाही. अर्ध्यावर ठेवायचा, आवाज जड व्हायला लागला की आणखी थोडा, आणि तीनही सिलिंडर एका लयीत आले की पूर्ण आत. बाबा यावेळी बॉनेटवर तळवा ठेवून उभे राहायचे. आयडलिंगचा, म्हणजे उभ्या गाडीत इंजिनाचा वेग ठरवणारा, स्क्रू फिरवताना ते डोळे मिटायचे. पाव आटा इकडे, पाव आटा तिकडे. मला ते जमायला दोन वर्षं लागली. आता मीही डोळे मिटते, आणि लय सापडली की ती कानाआधी तळव्याला कळते. हलव्याचा काटा कळतो तशीच.

मोठ्या गाड्यांबद्दल माझी तक्रार नाही. बहिणीकडे मोठी गाडी आहे, लांबच्या प्रवासाला आरामाची आहे. पण तिच्यात जागा उरते, आणि उरलेल्या जागेचा विचार कुणी केलेला नसतो. लहान गाडी करणाऱ्याला एक-एक इंच झगडून मिळवावा लागतो. १९५६ साली सुएझ कालव्याचा पेच उभा राहिला, ब्रिटनमध्ये पेट्रोलचं रेशनिंग आलं आणि त्यानंतर ॲलेक इसिगोनिस यांच्याकडे लहान गाडीचं काम सोपवलं गेलं. गाडी जेमतेम दहा फूट लांब आणि माणसं मात्र चार बसली पाहिजेत. त्यांनी इंजिन आडवं बसवलं, गिअरबॉक्स त्याच्या पोटाखाली तेलाच्या टाकीत घातला, चाकं दहा इंचांवर आणली, आणि स्प्रिंगांच्या जागी रबराचे शंकू लावले. अशी १९५९ची मिनी. गाडीच्या जमिनीतला सुमारे ८० टक्के भाग माणसांना आणि सामानाला मिळाला. त्याच्या दोनच वर्षं आधी इटलीत दांते जाकोसा यांची फियाट ५०० आली होती. तिचं इंजिन ४७९ सीसीचं, मागे बसवलेलं. माझ्या आठशेतही इंजिन आडवंच आहे. बॉनेट उघडून मी ते पाहते तेव्हा इसिगोनिसांनी सोडवलेलं गणित माझ्या अंगणात उभं आहे असं मला खरोखर वाटतं.

आणि या यादीत आपल्या इचलकरंजीचं नाव यायलाच हवं. शंकरराव कुलकर्णींनी स्वातंत्र्याच्या आसपासच्या काळातच 'मीरा' नावाची छोटी मोटार घडवायला घेतली. फारसं शालेय शिक्षण नाही, हाताशी मोठा कारखाना नाही. इंजिन मागे, गाडी चिमुकली, आणि सामान्य माणसाला परवडावी हा ध्यास. एकामागून एक नमुने करत ते जवळजवळ सत्तरच्या दशकापर्यंत तिच्यात सुधारणा करत राहिले. गाडी रस्त्यावर धावली, पण कारखान्यात तिचं उत्पादन काही होऊ शकलं नाही. बाबा तरुणपणी कामानिमित्त इचलकरंजीला जायचे. त्यांनी मीरा एकदा उभी असलेली पाहिली होती. ते तिच्याबद्दल बोलताना आवाज खाली आणायचे, देवळात बोलावं तसा. सांगलीपासून तासाभराच्या वाटेवर एका माणसाने हे केलं, याचा मला अभिमान वाटतो, आणि आपल्या मुलांना मिनी माहीत असते पण मीरा माहीत नसते याचं वाईट वाटतं.

आठशेने आम्हाला अडवलंय एकदाच. सावंतवाडीहून परत येताना आंबोलीचा घाट चढत होतो. पावसाळा नुकताच संपला होता. अर्ध्या घाटात बॅटरीचा लाल दिवा लागला आणि पाठोपाठ तापमानाचा काटा वर चढायला लागला. बाजूला घेऊन बॉनेट उघडलं तर बॅटरी भरणारा अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप फिरवणारा पट्टा तुटून खाली लोंबत होता. निघायच्या आधी मी गाडी एका गॅरेजला दाखवली होती, "पट्टा अजून वर्षभर जातोय" असं ऐकून निर्धास्त झाले होते. आपण स्वतः बोटाने दाबून बघायला हवा होता. पण बाबांच्या सवयीने डिकीत जादा पट्टा होता. बारा नंबरचा पाना होता. यांनी टॉर्च धरला, मी अल्टरनेटरचा बोल्ट सैल केला, नवा पट्टा तीन पुल्यांवरून ओढून बसवला, मग दांड्याने अल्टरनेटर मागे रेटून धरला आणि यांनी बोल्ट आवळला. अंगठ्याने पट्टा दाबला तर हवा तेवढा दबला. पाऊण तास गेला, त्यातला निम्मा इंजिन गार होण्याची वाट बघण्यात. हात काळे झाले होते, आणि मागच्या सीटवर पिशवीत गंजिफांची, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांची, पेटी होती म्हणून मी हात धुतल्याशिवाय पिशवीला शिवले नाही.

त्या गंजिफांसाठीच तर गेलो होतो. सावंतवाडीच्या चितार आळीत लाकडी फळं, खेळणी, पाट बघत मी लहानपणापासून फिरलेय. तिथली लाकडी केळी आणि सीताफळं भाजीवाल्याच्या टोपलीत ठेवली तर गिऱ्हाईक भाव विचारेल. पण राजवाड्याच्या दरबारात बसून कारागीर गंजिफा रंगवतात ते मी प्रथमच नीट पाहिलं. गोल पानं, तळहातात मावणारी. दशावतारी गंजिफेत १२० पानं असतात, दहा अवतारांची प्रत्येकी बारा. राजा, वजीर आणि एक ते दहा. मत्स्याच्या दश्शीवर दहा मासे काढायचे, त्या एवढ्याशा वर्तुळात, आणि दहाही मासे वाटले पाहिजेत. एक बाई कूर्माच्या पानावर काम करत होत्या. कासवाच्या पाठीवरच्या रेघा काढताना त्यांनी श्वास रोखला होता. रेघ पूर्ण झाली की श्वास, मग पुढची रेघ. मी दहा मिनिटं उभी होते, आणि माझाही श्वास त्यांच्याबरोबर थांबत होता. सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी ही कला शेवटचा श्वास घेत असताना स्वतः शिकून पुन्हा उभी केली. ते झालं नसतं तर आज त्या बाईंच्या हातात कुंचला नसता.

पुण्यातल्या राजा केळकर संग्रहालयात अडकित्ते आहेत ना, तेही असेच. पोपटाचे, घोड्याचे, जोडप्याचे. दिनकर केळकरांनी आयुष्यभर फिरून दिवे, पाय घासायच्या वज्र्या, अडकित्ते असं घराघरातलं सामान जमवलं आणि लहानपणी गेलेल्या मुलाचं, राजाचं नाव त्या संग्रहाला दिलं. सुपारी कातरायच्या एवढ्याशा अवजाराला कुणीतरी पोपटाची चोच दिली, आणि ती चोचच सुपारी धरते. मी तिथे गेले की वरच्या मजल्यावर जायला मला नेहमी उशीर होतो.

तर हलवा. पाचव्या दिवशी पुरेसा झाला. बारीक, मध्यम, टपोरा असा तीन ताटांत निवडला. आता दागिने.

हलव्याचा दाणा ओवता येत नाही. सुई लावली की फुटतो. तो दोऱ्यात गाठवावा लागतो. दोऱ्याचा फास करायचा, दाणा त्यात ठेवायचा, फास हळू आवळायचा. काटा चांगला असेल तर दोरा काट्यांमध्ये अडकून बसतो, आणि गुळगुळीत दाणा मात्र निसटतो. म्हणजे ज्या काट्यासाठी पाच दिवस परातीपाशी बसलो, तोच दागिन्याला धरून ठेवतो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. चाळिशी ओलांडल्यावर एका संक्रांतीला गाठ मारता मारता ते लक्षात आलं, आणि मी उठून आत्याच्या फोटोपाशी जाऊन उभी राहिले होते.

मंगळसूत्राला बारीक दाणे आणि मधे काळे मणी. तन्मण्याला मध्यम. बाजूबंद, पाटल्या आणि बिंदी पुठ्ठ्यावर जर लावून. मुकुट मी करत नाही, भाचीलाही नको होता. पाटल्यांना सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण दोन पाटल्यांचे दाणे एकमेकांना जुळायला हवेत. एका पाटलीला ४२ दाणे बसले. दुसरीसाठी त्याच मापाचे ४२ निवडायला आख्खी दुपार गेली. डोळे दुखले. चष्म्यावर भिंग धरून बसले होते. दाणे ओळीने बसले तेव्हा संध्याकाळचे साडेसहा वाजले होते, आणि खिडकीतून तोच वारा यायला सुरुवात झाली होती.

१२ तारखेला पुण्याला निघालो. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, बसने जा, नाहीतर मी टॅक्सी बुक करतो." त्याची काळजी मला समजते. गाडीला आता अठ्ठावीस वर्षं उलटून गेलीत. पण दागिन्यांची पेटी मला दुसऱ्या कुणाच्या गाडीत द्यायची नव्हती. कुठला खड्डा आठशेला कसा लागतो ते मला माहीत आहे.

पहाटे साडेपाचला चोक ओढला. पेटी म्हणजे पत्र्याचा जुना डबा, खाली कापसाचा जाड थर, त्यावर बटरपेपर, मग दागिने, वर पुन्हा कापूस. यांनी ती मांडीवर घेतली. पेठ नाक्याला हायवेला लागेपर्यंत उजाडलं. पुण्याकडे जाताना सकाळचं ऊन उजवीकडून, म्हणजे माझ्या बाजूने येतं. डावीकडची सीट सावलीत राहते, म्हणून सकाळीच निघायचं हे मी आधी ठरवलं होतं. हलव्याला ऊन सोसत नाही. साठ-पासष्टच्या पुढे गाडी नेली नाही. कऱ्हाडला चहा घेतला, तोही आळीपाळीने, पेटी एकटी सोडायची नाही म्हणून. खंबाटकीच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये तीन सिलिंडर एकसारखे गुरगुरत होते, आणि यांनी न सांगता डाव्या हाताने डबा आणि उजव्या हाताने डॅशबोर्ड धरून ठेवला होता.

साडेअकराला बहिणीच्या दारात पोचलो. भाची काळी चंद्रकळा खांद्यावर टाकून बघत होती, ती तशीच धावत आली. डबा टेबलावर ठेवला, कापूस बाजूला केला. तिने आधी हात लावला नाही. नुसती वाकून बघत राहिली. मग तिने तर्जनी पाटलीवर अलगद टेकवली आणि लगेच मागे घेतली.

"टोचतं गं मावशी."

"टोचायलाच हवं," मी म्हटलं.

तन्मण्याचा एक दाणा वाटेत सुटला होता. पर्समध्ये रेशमाची गुंडी होती, आणि काडेपेटीत कापसावर आठ-दहा जादा दाणे. मी चष्मा लावला, खिडकीजवळ खुर्ची ओढली, आणि भाचीला माझ्या शेजारी बसवून फास कसा करायचा ते दाखवायला लागले.